फोटोपासून डावीकडे

आमच्या घराचा पत्ता आई सांगायची तो असा: "चौकात क्लासचा मोठा फलक आहे ना, त्यावर फोटो आहे तो आमचाच मुलगा. तिथून डावीकडे वळा."

त्या फलकावर माझा धाकटा भाऊ हसतोय. कायद्याच्या ज्या कॉलेजात हजारोंतून मूठभर मुलं घेतात, तिथे तो दुसऱ्या खेपेला लागला आणि क्लासच्या सरांनी त्याचा फोटो दाराएवढा करून टांगला. त्याच्यानंतर त्या क्लासमधून कुणी लागलंच नाही, त्यामुळे फोटो उतरायचा प्रश्नच आला नाही. उन्हाने चेहरा निळसर पडलाय, हसू मात्र कायम आहे. तेव्हापासून घरात आम्ही त्याला जजसाहेब म्हणतो. थट्टेनेच, पण त्यात मिरवणंही होतं.

कॉलेज संपताना मोठमोठ्या कंपन्या नोकऱ्या घेऊन आल्या. ज्यांचे काका-मामा आधीच त्या धंद्यात होते, ती मुलं पटापट उचलली गेली. आमचे जजसाहेब मुलाखतीत घाम पुसत बसले आणि घरी आले. आता ते एका मोठ्या वकिलांच्या हाताखाली आहेत. त्यांची बॅग आणि डबा सांभाळायचा, आणि वकील दुसऱ्या खटल्यात अडकले की न्यायाधीशांपुढे उभं राहून पुढची तारीख मागायची. मिळतं ते जाण्यायेण्यातच संपतं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. घरी येताना तो चौक टाळून भंगारवाल्यांच्या गल्लीतून येतो. स्वतःचंच तोंड पाहवत नाही, दुसरं काय.

गेल्या महिन्यात सरांनी त्याला नव्या मुलांच्या पालकांसमोर बोलायला बोलावलं. मी मागच्या बाकावर होते. सरांनी ओळख अशी करून दिली की हा दुसराच कुणी असावा असं मलाही वाटलं. मोठी कंपनी काय, गलेलठ्ठ पगार काय. मग पहिल्या रांगेतली एक मुलगी उठली. शेजारी बसलेले तिचे वडील फ्रिज दुरुस्त करतात. तिला नर्सिंगला जागा मिळाली होती, आणि हा क्लास लावायचा तर ती सोडावी लागणार होती. तिने विचारलं, "दादा, तुम्ही दिवसभर नेमकं काय काम करता?"

वाटलं, आता तरी हा खरं बोलेल. तो म्हणाला, मोठ्या कंपन्यांचे करार तपासतो. टाळ्या पडल्या.

दोनच दिवसांनी तेच फ्रिजवाले कुठल्याशा गाळ्याच्या खटल्यात साक्षीला कोर्टात आले. बाहेरच्या बाकावर बसले होते. त्यांच्यादेखत मोठे वकील भावावर खेकसले की आधी पाण्याची बाटली भर, मग तारीख घे, आणि एवढंही जमत नसेल तर घरी बस. बाटली घेऊन हा वळला तो थेट त्यांच्यासमोर. मेल्याहून मेल्यासारखं झालं, असं तो मला नंतर म्हणाला. तेवढ्यात फ्रिजवाल्यांचा फोन वाजला. मुलगीच होती. नर्सिंगची जागा सोडत असल्याचं तिला त्याच दिवशी कळवायचं होतं, आणि त्याआधी कोर्टात कुठे दिसले तर दादांना एकदा विचारा म्हणत होती.

फ्रिजवाल्यांनी पाठ फिरवली आणि आवाज खाली आणला. "हो, इथेच आहेत वकीलसाहेब. पण मोठ्या कामात आहेत गं, आत्ता कसं विचारू?"

ते हसले असते तरी परवडलं असतं. त्यांनी त्याची लाज झाकली, आणि तेच त्याला सहन झालं नाही. त्याने फोन मागून घेतला.

"परवा तू विचारलंस ना, मी दिवसभर काय करतो? आत्ता मोठ्या वकिलांची बाटली भरतोय. मग तारीख मागेन. करारबिरार काही तपासत नाही. जागा सोडायच्या आधी तुला हे माहीत असू दे."

ती म्हणाली, नर्सिंगची जागा ठेवते. आणि मग तिने साधंच विचारलं, "पण दादा, तो फोटो अजून का लावलाय?"

हे सगळं त्याने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. त्या दिवशी तो चौकातून आला होता. फोटो उतरवा म्हणून सांगायला सरांकडे निघाला, आणि अर्ध्या जिन्यावरून परत फिरला.

"तो उतरला तर माझ्याकडे दाखवायला काय उरतं, ताई?"

मला चिडायचं होतं, पण चिडणार कुणावर? त्याच्या नावाने आम्हीच तोरा मिरवला होता. माझीच मला लाज वाटली.

एवढ्यात आतल्या खोलीत फोन वाजला. सामान पोचवणारा कुणी पत्ता विचारत होता. आईने नेहमीसारखी सुरुवात केली, "चौकात क्लासचा मोठा फलक आहे ना..." आणि थांबली. भिंतीपलीकडून तिने सगळं ऐकलं होतं. जजसाहेब मान खाली घालून बसले होते.

"फलक राहू दे," आई म्हणाली. "औषधांचं दुकान विचारा. तिथून डावीकडे."