मस्कतची रॅकेट आणि बाबांची खळ

मामा मस्कतहून आला आणि त्याने माझ्या हातात काळीकुळकुळीत बॅडमिंटन रॅकेट ठेवली. "कार्बन फायबर! विमानात वापरतात ते मटेरियल." अख्ख्या बोरीवलीचं माहीत नाही, पण आमच्या सोसायटीत तशी रॅकेट कुणाकडेच नव्हती. बी विंगमधली एक मुलगी सोसायटीच्या स्पर्धेत दरवर्षी फायनलला मला हरवायची. यंदा तिची जिरवायचीच, असं मी ठरवून टाकलं.

आईने रॅकेट उचलून पाहिली. "एवढी हलकी? फसवलं रे तुला दुकानदाराने!" मग मामाने समजावलं, की बारीक धागे भट्टीत भाजून काळे करतात आणि डिंकासारख्या रसायनात घट्ट बसवतात. बाबांनी त्यातला 'धागे' एवढाच शब्द उचलला.

बाबा गिरणीत सायझिंग खात्यात होते. मागावर चढण्याआधी सुताला खळ लावायची आणि ते तापलेल्या सिलिंडरवर सुकवायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. संपानंतर गिरणी बंदच पडली. तेव्हापासून घरातली धडधाकट असलेली प्रत्येक वस्तू ते दुरुस्त करत होते.

फायनलच्या दुपारी शाळेतून आले, तर पातेल्यात साबुदाण्याची खळ आणि बाबांच्या हातात, पेटत्या स्टोव्हवर आडवी धरलेली माझी रॅकेट.

"बाबा, हे काय!"

"खळीशिवाय सूत टिकता काय?" ते शांतपणे मालवणीत म्हणाले.

खळ धुऊन तरी निघाली असती. स्टोव्हने वाट लावली. रॅकेटचं गोल तोंड लांबुडकं झालं होतं आणि जाळी झोळीसारखी लोंबत होती. जुनी रॅकेट मी मोठ्या तोऱ्यात चुलतबहिणीला देऊन बसले होते. त्यामुळे हीच घेऊन उतरावं लागलं.

"यार, ही रॅकेट आहे की झारा?" बी विंगवाली म्हणाली. एकदा तर शटल जाळीला चिकटूनच राहिलं. अंपायर झालेले काका पोट धरून हसले. मी सपशेल हरले.

घरी येऊन रॅकेट बाबांच्या पुढ्यात आपटली. ती कडकन मोडली. तोंडाला येईल ते बोलायचं, असं जिना चढतानाच ठरवलं होतं. पण बाबांनी मोडलेल्या टोकातून एक काळा धागा ओढला, उजेडात धरला, दोन बोटांत ताणून पाहिला. गिरणी बंद पडल्यापासून त्यांचा चेहरा एवढा खुललेला मी पाहिला नव्हता.

"धागो काय आसा गो! मामाक इचार, ही मिल खंय आसा? थंय सायझिंगाक माणूस लागता काय?"

"विचारते," म्हटलं, आणि मला रडू आलं.