नजरेपुढची जागा

व्यंकटेश गेल्याची बातमी मला फोनवर कळली, पण ती पटली चौकातला फ्लेक्स पाहिल्यावर. शोकाकुल मित्रमंडळींच्या हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगेवर त्याचा मोठा फोटो होता. कुणीतरी मोबाइल अगदी तोंडाजवळ नेऊन काढलेला. नाक पुढं आलेलं, कान मागं पळालेले, कपाळ उताणं. ‘चेहऱ्याच्या इतकं जवळ जाऊ नका, नाकाला माज येतो,’ असं आयुष्यभर लोकांना सांगत आलेल्या माणसाला शेवटी असा निरोप मिळाला. तो हयात असता तर हा फ्लेक्स दुपारपर्यंत टिकला नसता. संध्याकाळी मी परत तिथून गेलो, तेव्हाही फ्लेक्स तिथंच होता. म्हणजे व्यंकटेश खरंच नव्हता.

आम्ही दोघं एकाच बँकेत, शेजारशेजारच्या काउंटरवर नोकरीला होतो. त्याचं घर शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत. घरात तेलुगू, दारात मराठी, आणि वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर. पगार सुरू झाल्यावर त्यानं पहिलं काय केलं असेल तर कॅमेरा घेतला, आणि दुसरं म्हणजे त्यावरून सगळ्यांशी भांडण उकरून काढलं. लेन्स या विषयावर त्याची मतं रेल्वेच्या रुळांइतकी पक्की होती. साहेबांच्या फोटोला रुंद लेन्स, कारण टेबल आणि पोट दोन्ही सारख्याच मापाची, एक सोडून दुसरं घेता येत नाही. मुंगीला, मोहराला आणि चादरीच्या विणीला जवळची लेन्स. माळावरच्या पक्ष्याला लांबची लेन्स आणि घरून आणलेली भाकरी, कारण पक्षी येईलच असं नाही. संक्रांतीला आमच्याकडच्या गड्ड्याच्या यात्रेत सगळे फोटोग्राफर उंच नंदीध्वज टोकापर्यंत कसा मावेल या विवंचनेत रस्त्यावर आडवे झालेले असायचे, तेव्हा हा तो ध्वज कमरेवर पेलणाऱ्याच्या गळ्याच्या शिरा टिपत बसायचा. निवृत्तीनंतर हौशी पोरं त्याला विचारायला यायची, ‘काका, कुठली लेन्स घेऊ?’ तो उत्तर द्यायचाच नाही, उलट विचारायचा, ‘फोटो कुणाचा काढायचाय बे? त्याच्यापासून किती लांब उभारायला जमतं तुला?’ बहुतेक पोरं दुसऱ्या दिवशी दुकानदाराला विचारून मोकळी होत. दुकानदार असले प्रश्न विचारत नाही.

माझं लग्न सुनंदाशी झालं, तिच्या माहेरी होटगीला. सासरे रेल्वेत पॉइंट्समन होते, रुळांचे सांधे बदलायचे. त्यांना सगळे अण्णा म्हणत. रेल्वे क्वार्टर्सच्या दोन रांगांमधल्या अरुंद गल्लीत मांडव घातला होता. व्यंकटेशनं आधीच जाहीर केलं होतं, ‘फोटो माझ्याकडून आहेर.’ फुकटच्या फोटोग्राफरला नाही म्हणण्याइतका मी श्रीमंत नव्हतो आणि शहाणाही नव्हतो. त्याच आठवड्यात त्यानं एक लांबलचक लेन्स मिळवली होती. लग्नाच्या दिवशी सकाळी तो ती कॅमेऱ्यावर चढवून आला, आणि सुनंदाच्या मामांनी ‘बंदूक कशाला आणली हो?’ असं विचारलं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. त्या लेन्समधून जवळचं काही मावतच नाही. पठ्ठ्या गल्ली ओलांडून समोरच्या क्वार्टरच्या पायरीवर, भिंतीला पाठ लावून उभा. तिथूनही एका वेळी एकच माणूस मावत होता, तोही छातीपर्यंत.

अल्बम आला तेव्हा सुनंदा पानं उलटत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. सगळ्या अल्बममध्ये आम्ही नवरा-बायको एकत्र कुठंच नव्हतो. दोघांचा म्हणून जो एक फोटो होता त्यात तिची मुंडावळी होती आणि माझा कान. उलट सासरे जिथं तिथं. अण्णा आचाऱ्याशी वाद घालताना, अण्णा पाण्याची घागर उचलताना, अण्णा कुणाच्या तरी पोराचं नाक पुसताना. लग्न माझं की सासऱ्यांचं, असा प्रश्न पडावा. ‘लहान लेन्स घरीच विसरलो वहिनी, चुकलं,’ व्यंकटेश मान खाली घालून म्हणाला. सुनंदानं अल्बम मिटला. आपण एखाद्या स्टुडिओत जाऊन जोडीनं फोटो काढू, असं मी म्हणालो आणि तो काढलाही. मागं धबधब्याचा पडदा होता.

तेवढ्यावर भागलं असतं. पण वर्षाच्या आत अण्णा गेले. तेव्हा लक्षात आलं, की बाप-लेकीचा एकत्र असा एकही फोटो नाही. लहानपणी होटगीत कॅमेरा कुणाकडं होता? जो काय व्हायचा तो लग्नात होणार होता... आणि लग्नात व्यंकटेश लहान लेन्स विसरून आला होता. भिंतीवर लावायला अल्बममधलाच अण्णांचा एक फोटो मोठा करून घेतला, पाठवणीच्या वेळचा. त्यात ते कॅमेऱ्याकडं बघत नाहीत. ओठ घट्ट मिटलेले, बाजूच्या पडलेल्या दातांच्या जागी गाल किंचित आत गेलेला, आणि नजर डावीकडं कुठंतरी. त्या अंगाला आमच्या स्वयंपाकघराचं दार असल्यामुळं ‘अण्णा चहाची वाट बघालेत जणू’ असं पाहुणे म्हणायचे. सुनंदा हसायची नाही.

व्यंकटेश येत राहिला. ती त्याला भावजी म्हणायची, बसा म्हणायची, चहा द्यायची. फक्त त्याच्या चहात साखर कमी असायची. इतक्या वर्षांत ती कधी वाढली नाही आणि त्यानं कधी मागितली नाही. जाताना तो अण्णांच्या फोटोसमोर थांबायचा आणि एकदा तरी सांगायचा, ‘डाव्या अंगाला काही लावू नका हां वहिनी. बघणाऱ्याच्या डोळ्यापुढं जागा सोडावी लागते. न्हाईतर नजर भिंतीला आपटते.’ फोटो बिघडवणाऱ्यानं भिंतीबद्दल सल्ला द्यावा, याचं तिला नवल वाटायचं. पण त्या जागी तिनं कॅलेंडरसुद्धा टांगलं नाही.

दोन वर्षांमागं माझ्या भाच्यानं मोबाइलवरच्या कुठल्याशा युक्तीनं अण्णा आणि सुनंदा यांना एका फोटोत आणलं. दोघं खांद्याला खांदा लावून उभे. मागं बाग. यंत्रानं स्वतःच्या मनानं अण्णांना पूर्ण बत्तीशी देऊन हसवलं होतं. सुनंदानं चष्मा लावून बराच वेळ पाहिलं. ‘छान हाय रे,’ ती भाच्याला म्हणाली, ‘पण हे कोण?’ मी ही गोष्ट व्यंकटेशला हसत सांगितली. तो हसला नाही. त्याच सुमारास एका हौशी मंडळानं त्याचा सत्कार केला होता. फेटा, शाल, नारळ, ‘प्रकाशाचे तपस्वी’ वगैरे. वक्त्यानं माझ्या लग्नाचा उल्लेख करून व्यंकटेशनं तेव्हा घेतलेल्या ‘धाडसी कलात्मक निर्णया’चं कौतुक केलं. पहिल्या रांगेत त्या धाडसाचा बळी, म्हणजे सुनंदा, बसली होती. व्यंकटेश फेट्याखाली घामेजला होता. फेट्यामुळं असेल, असं मला वाटलं.

यंदा उन्हाळ्याच्या तोंडी तो शेवटचा घरी आला. हृदय थकलेलं, डॉक्टरांनी जिने बंद केलेले, आणि आमचं घर दुसऱ्या मजल्यावर. प्रत्येक वळणावर थांबत आला. खांद्याला ती जुनी पिशवी होती. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, ‘वहिनी, एक सांगायचं राहिलंय.’

‘सांगा की भावजी.’

‘लहान लेन्स विसरलो नव्हतो. पिशवीत होती. दिवसभर होती.’

सुनंदानं पाण्याचा पेला खाली ठेवला.

‘सकाळी नवी लेन्स डोळ्याला लावली, ते अण्णाच दिसले. काम करता करता सारखं तुमच्याकडं बघालेत. घागर उचलली, बघितलं. आचाऱ्याला रागवालेत, मधीच बघितलं. कुणाला दिसंना झालं ते. मला दिसालतं, लांबनं. लहान लेन्स लावली असती तर जवळ यावं लागलं असतं, आणि जवळ आलो की ते हात जोडून पाहुण्यासारखे उभारले असते. पाठवणीला वाटलं, आता तरी बदलू, दोघांचा एक घेऊ. हात पिशवीत घातला पण होता. पण बदलेपर्यंत अण्णांचं ते तोंड गेलं असतं ओ...’

‘मग विसरलो का म्हणालात?’

‘विसरलो म्हटलं की माणूस माफ करतंय. मुद्दाम केलं म्हटलं की न्हाई करत.’

‘केलं कुठं माफ?’ सुनंदा म्हणाली.

‘व्हय की,’ तो म्हणाला. ‘चहात कळतंय.’

ती उठून आत गेली. मला वाटलं, आता बाहेर येत नाही. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. व्यंकटेश गुडघ्यावर हात ठेवून जमिनीकडं बघत होता. तिला काय वाटतंय हे न कळताच परत जिने उतरावे लागतील की काय, ही भीती त्याच्या चेहऱ्यावर इतकी स्वच्छ होती की ती टिपायला कुठलीही लेन्स चालली असती. सुनंदा चहा घेऊन आली. त्यानं घोट घेतला, थांबला, कपाकडं पाहिलं आणि सगळा पिऊन टाकला. डॉक्टरांनी साखरही बंद केली होती, हे मी कुणालाच सांगितलं नाही.

मग त्यानं पिशवीतून तीच लांब लेन्स काढली. नव्या कॅमेऱ्यावर ती बसावी म्हणून एक कडी मागवली होती. सुनंदाला भिंतीशी उभं करून तो म्हणाला, ‘माझ्याकडं नको, अण्णांकडं बघा.’ आणि मागं सरकू लागला. सोफा संपला, खोली संपली, उंबरा आला. शेवटी मी प्लास्टिकची खुर्ची बाहेर जिन्याजवळच्या मोकळ्या जागेत नेऊन ठेवली आणि तो तिथं बसला. वरच्या मजल्यावरचे लोक ‘काय चाललंय काका?’ म्हणत त्याचे पाय ओलांडून जात होते. लेन्स जड, म्हणून कोपर त्यानं खुर्चीच्या हातावर टेकवलं. किती वेळ गेला कोण जाणे. सुनंदा आधी अवघडली, मग कंटाळली, मग माझ्याशी काहीतरी बोलली, आणि मग नुसतीच अण्णांकडं बघत राहिली. तेव्हा बाहेरून बारीक ‘टक्’ असा आवाज आला.

फोटो त्याच्या मुलीनं आणून दिला, तेराव्यानंतर. ‘बाबांनी छापून ठेवला होता,’ एवढंच म्हणाली. सुनंदाचा चेहरा, उजवीकडं वळलेला. केस पांढरे, ओठ तसेच घट्ट. आज ती लग्नातल्या अण्णांपेक्षा वयानं मोठी आहे, हे मला तो फोटो पाहून कळलं. अण्णांच्या डाव्या अंगाला, मधे जागा सोडून, तो लावला. ही जागा थोडी जास्तच झालीय, असं खिळा ठोकणारा म्हणाला. सुनंदानं त्याला तसंच ठेवायला सांगितलं.

खोली लहान आहे. आत बसलं की एक फोटो दिसतो, दुसऱ्यासाठी मान वळवावी लागते. बाहेरची ती प्लास्टिकची खुर्ची आत घ्यायची राहून गेली होती. परवा मी ती उचलायला गेलो, तर सुनंदा चहाचा कप घेऊन तिच्यावर बसली होती, उघड्या दारातून आत बघत.

‘असू दे हितंच,’ ती म्हणाली. ‘हितनं दोघंबी दिसतात.’