रोही आले अन् मी चहा पीत बसले

बायांनो, सुनेनं मला टिपेश्वरच्या जंगलाजवळ हॉटेलात आणलंय. गादी अशी मऊ की उठूच वाटंना. अन् आयता चहा! साखर जरा कमी व्हती, जाऊ द्या.

सकाळी ओट्यावर बसले, तर समोर चार रोही, म्हंजे नीलगायी, आले. तेच, आपला हरभरा खाणारे. मी काठी घेऊन धावले, "हाऽड! हाऽड!" लोक फोटो काढून राहिले व्हते. रोही पळाले. सुनेची हौस मोडली म्हणून लई वाईट वाटलं.

ती हसतच आली. "आत्याबाई, हे आपलं वावर न्हाई. आज राखणीला सुट्टी. बसा."

थोड्या वेळानं रोही परत आले. मी बसूनच राहिले. चाळीस वर्सं त्यायची पळती पाठच पाहिली, तोंड आज पाहिलं. सुनेचे लई उपकार. तुमाला कोणी असं निवांत बसवलं का गं?