काळे ठिपके

भिंगमावशीचं कुणाशी पटलं असेल, तर ते फक्त किड्यांशी. गळ्यात दोरीला बांधलेलं भिंग, कपाळाला कायमची आठी आणि तोंडाचा पट्टा सदा चालू. ती ज्या जरबेराच्या पॉलिहाऊसमध्ये कीड तपासायची, तिथल्या बायका तिला बघून वाट बदलत.

तिचा उभा दावा मात्र जावयाशी. तो तिथला फवारणीवाला. रोपांबरोबर परमुलखातून आलेली पांढरी माशी त्याच्या कुठल्याच औषधाला दाद देईना, तेव्हा मावशीने मालकीणबाईंच्या मागे लागून गांधीलमाश्या मागवल्या, चिलटाहून बारीक. त्या पांढऱ्या माशीच्या पिल्लात अंडं घालतात. पानामागे पांढऱ्या ठिपक्यासारखं चिकटलेलं ते पिल्लू काळं पडतं आणि त्यातून नवी गांधीलमाशी निघते.

"शनिवारी पानं बघेन," मालकीणबाईंनी बजावलं. "काळे ठिपके जास्त दिसले तर फवारणी कायमची बंद. नाहीतर तुम्ही घरी बसा."

फवारणी बंद म्हणजे जावयाची नोकरी गेली. मावशीला त्याचाच आनंद जास्त होता.

"आई, माझ्या पोरांनी काय खायचं?" लेकीने विचारलं. तीही तिथेच फुलं काढायची.

"नवरा निवडताना मला विचारलं होतंस?"

शनिवारी सकाळी मावशी आत शिरली आणि थबकली. रोपांची कितीतरी पानं कुणीतरी खुडून नेली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"तुझ्याच नवऱ्याचे धंदे! थांब, हाकलूनच लावते त्याला!"

लेक मान खाली घालून फुलं काढत राहिली.

पुरावा हवा म्हणून मावशीने भिंग डोळ्याला लावलं. उरलेलं एकेक पान उलटून पाहिलं. सगळीकडे पांढरे ठिपके. काळ्या ठिपक्यांचं एकही पान मागे राहिलं नव्हतं. जावयाला तर पान उलटून बघायचंही ठाऊक नव्हतं. काळं ते आपलं, हे तिने एकाच माणसाला शिकवलं होतं, स्वतःचं भिंग हातात देऊन.

मालकीणबाई आल्या. "कुठे आहेत काळे ठिपके?"

लेकीचं नाव मावशीच्या जिभेवर आलं. ते तिने गिळलं. "नाहीत," ती म्हणाली.

"मग सोमवारपासून येऊ नका."

मालकीणबाई गेल्यावर मावशीने गळ्यातलं भिंग काढून लेकीच्या फुलांच्या बादलीत टाकलं.

"नजर चांगली तयार झालीये तुझी. एक पान सुटलं नाही हातून. आता ती नजर घेऊन माझ्या दारात येऊ नकोस."