चेन काका आणि त्यांची पाखरं

चेन काका गेले, आणि मला रडायचाही कंटाळा आलाय.

आत्ता क्रेमॅटोरियममधून घरी आले. कोट अंगावरच आहे. लिहून टाकते, नाहीतर राहून जाईल.

चेन काका म्हणजे इथले, नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावातले, आमचे भिंतीला भिंत लागून असलेले शेजारी. मुलीकडे, मेईकडे राहायचे. बायको गेल्यावर मेईने त्यांना चीनमधून इकडे आणलं. इंग्लिश नाही, डच नाही. आमचं सगळं बोलणं फोनवरच्या ट्रान्सलेशन ॲपमधून.

गेल्या वर्षी मी बर्न-आउटमुळे ऑफिसमधून रजा घेऊन घरी होते. ज्यांना झालाय त्यांना सांगायला नको. ज्यांना नाही झाला त्यांना सांगून कळत नाही. अंघोळ केली तरी दिवसभराचं काम झाल्यासारखं वाटायचं.

अशाच एका सकाळी सोफ्यावर पडले होते, आणि भिंतीपलीकडून सनई वाजली.

न्यूनेनमध्ये. सनई.

अनवाणीच गेले आणि बेल दाबली. दारात काका. हातात सनईसारखंच वाद्य, पुढे पितळेचा मोठा कर्णा.

मी ॲपमध्ये विचारलं, "घरी लग्न आहे का?"

ते हसले. फोन बोलला, "नो वेडिंग. ओन्ली मी."

त्या वाद्याचं नाव सुओना. आपल्या सनईचीच लांबची बहीण, पण आवाज असा की खिडकीच्या काचा थरथरतात. काका गावाकडे आयुष्यभर लग्नांत आणि अंत्ययात्रांत वाजवायचे.

समोरच्या बाईंना ऑनलाइन मीटिंगमध्ये त्रास व्हायला लागला. त्या येऊन मेईला नीट, शांतपणे म्हणाल्या, "हे दुसरीकडे कुठे वाजवता येईल का?" इथल्या पद्धतीने, तोंडावर. त्यांचंही चूक नव्हतं.

मेई लाजेने अर्धी झाली. सुओना पेटीत गेली. काका खिडकीत बसायला लागले.

मग मेई माझ्याकडे आली. "तू रोज चालायला जातेस ना? बाबांना नेशील? शेताकडे गेलात तर तिथे वाजवतील."

मला स्वतःलाच ओढत न्यावं लागत होतं. नाही म्हणायला तोंड उघडलं, आणि हो म्हणाले. नाही म्हटलं की कारण द्यावं लागतं, तेवढी ताकद नव्हती.

गावाबाहेर नदीकाठी एक बाक आहे. तिथे ते उभे राहून वाजवायचे, मी बसायचे.

त्यांची एक जुनी लोकधून होती. तिच्यात पाखरं येतात. आधी एक, मग दुसरं त्याला उत्तर देतं, मग झाडच्या झाड किलबिलतं. कोकीळ, चिमण्या, आणखी कुठले कुठले. मध्ये एका लांबच लांब सुरावर ते श्वास न तोडता वाजवत राहायचे. नाकाने श्वास आत, गालांनी हवा बाहेर. बघून मलाच धाप लागायची.

एकदा ॲप चालूच राहिलं होतं. त्याने पाखरांचंही भाषांतर केलं: "प्लीज कम, प्लीज कम, हॅव यू ईटन?"

मी खूप महिन्यांनी हसले. पोट दुखेपर्यंत. काकांना का ते कळलं नाही, पण तेही हसले.

हिवाळ्यात त्यांच्या हृदयाने दुखणं काढलं. डॉक्टरांनी फुंकायला बंदी केली. मेईने पेटी कपाटावर ठेवली, त्यांचा हात पोचणार नाही अशी.

आम्ही चालत होतो तरीही. बाकापर्यंत जायचं, बसायचं, परत यायचं. दोघं दमलेले.

मार्चमध्ये काकांनी फोन माझ्यापुढे धरला. "एकदाच. तू आणशील?"

मी म्हटलं, "मेईला न सांगता नाही आणणार."

मेईला सांगितलं. ती भडकली. "तुला ते बरे हवेत की नकोत?" मग ती तिथेच जिन्यात बसली. म्हणाली, "लहानपणी सगळा हिवाळा ते लोकांच्या लग्नांत असायचे. मला हा आवाज कधी आवडलाच नाही गं."

शनिवारी ती स्वतः पेटी घेऊन बाकापाशी आली.

काकांनी बसूनच वाजवलं. कोकीळ झाली, चिमण्या झाल्या. तो लांब सूर आला आणि मध्येच तुटला. त्यांनी सुओना मांडीवर ठेवली. मेईने त्यांच्या गळ्यातला मफलर सारखा केला.

मग काका काहीतरी पुटपुटले. मेई म्हणाली, "म्हणतायत, बाकीची पाखरं दमली."

त्यानंतर काही आठवड्यांनी, या मंगळवारी दुपारी, खुर्चीत झोपले ते उठलेच नाहीत. मेईने डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारलं, त्या दिवशीच्या वाजवण्याने झालं का? ते म्हणाले, नाही. हृदय थकलं होतं.

आज क्रेमॅटोरियमच्या माणसाने विचारलं, "कुठलं म्युझिक लावू?" त्यांच्या गावात सुओनाशिवाय कोणाला पोचवत नाहीत. इथे वाजवणारं कोण?

मेईने पेटी उघडली. गाल फुगवले. पहिल्यांदा नुसतीच हवा. दुसऱ्यांदा कर्कश, फाटका, सगळा हॉल दचकेल असा आवाज.

कोंबडा.

"लहान असताना त्यांनी एवढाच शिकवला," ती म्हणाली. "पुढचं मी शिकलेच नाही."

आणि तिने पुन्हा कोंबडा वाजवला. आणि पुन्हा. दम संपेपर्यंत.

कोणी तिला थांबवलं नाही.

सोमवारी माझं ऑफिस आहे. आता कोट काढते.

काका, तुम्ही माझ्याशी एक शब्दही बोलू शकत नव्हता, आणि त्या वर्षात मला तुमच्याइतकी सोबत कोणाचीच झाली नाही.

बरंय काका. या.

तुमच्या श्वासाला माझा नमस्कार. 🙏