देवघराच्या भिंतीला भोक

माझ्या नवऱ्याचे काका-काकू देवमाणसं होती, असं शिकागोतले सगळे मराठी लोक अजून म्हणतात. मी त्यांच्या घरात दोन वर्षं राहिले आहे, त्यामुळे मी म्हणत नाही.

घर डेव्हन ॲव्हेन्यूच्या मागच्या गल्लीत होतं. विटांचं, बसकं आणि काकांच्याही जन्माआधी बांधलेलं. पुढच्या खोल्यांत काका-काकू, मागच्या खोलीत आम्ही दोघं. नवरा शिकायला आला तेव्हापासून काकांनी त्याला ठेवून घेतलं होतं. लग्नानंतर त्याने वेगळं घर बघायचा विषय काढला, तर काका म्हणाले, "आपलं घर असताना भाड्याने राहायला वेड लागलंय का?" झालं. त्या एका वाक्याखाली नवऱ्याची मान जी वाकली ती वाकलीच. माझ्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती, गाडी चालवता येत नव्हती, आणि दिवसभर त्या घरात मी आणि काकू.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी नागपुरात माझ्या बाबांना पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. आई आधीच गेली होती. बाबांचं सगळं दादा आणि वहिनी करत होते. आमच्या व्हिसाचं एक्स्टेंशन अडकलं होतं. "आत्ता देशाबाहेर गेलात तर परत येण्याचं सांगता येत नाही," असं वकिलाने बजावलं होतं. फोनचा उपयोग नव्हता. ज्या माणसाला बोलता येत नाही त्याच्याशी फोनवर काय बोलणार? मग दादाने वेबकॅम आणला. इथली रविवार सकाळ म्हणजे तिकडची संध्याकाळ. दादा बाबांना उशांना टेकवून बसवायचा आणि मी त्यांना बघायचे.

बाबा कॉलेजात गणित शिकवायचे. आवाज असा, की शेजारच्या वर्गातली पोरंही गप्प बसत. लहानपणी मी त्यांना चिडवायला मुद्दाम पाढे चुकायचे, तेच मी आता करायचे. "बाबा, बारा साती ब्याऐंशी." त्यांचं डावं बोट हळूहळू वर यायचं आणि हलायचं. चूक. मग डोळ्यांच्या कडेला हसू यायचं. आमचं बोलणं ते एवढंच, आणि मला त्याहून जास्त काही नको होतं.

पण हे सगळं काकूंच्या समोर चालायचं. इंटरनेट होतं पुढच्या खोलीत, काकांच्या टेबलाशी. राऊटरही तिथेच. त्या जुन्या भिंतींत प्लास्टरच्या आत लोखंडी जाळी होती. मागच्या खोलीत सिग्नलचा मागमूस नसायचा. म्हणून मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या सोफ्यावर बसायचे, आणि काकू चहाचा कप घेऊन माझ्या खांद्यावरून डोकवायच्या. पहिल्याच रविवारी म्हणाल्या, "अगं बाई, तोंड केवढं वाकडं झालंय!" बाबांची वाचा गेली होती, कान शाबूत होते. मग काकूंनी विचारलं, "ओळखतात का गं तुला?"

बाबांनी मान भिंतीकडे वळवली. त्या दिवशी बोट वर आलं नाही.

पुढच्या रविवारीही त्या आल्या. त्याच्या पुढच्या रविवारी त्यांनी भिशीतल्या एका मावशींनाही दाखवायला आणलं. "बिच्चारी, बघ ना," हे माझ्याबद्दल. परक्यांची चाहूल लागली की बाबा मान वळवायचे, आणि तासभर मला त्यांचा कान दिसायचा. मी नवऱ्याला सांगितलं, "मला आपल्या खोलीत इंटरनेट हवं. बाकी काही मागत नाही."

नवरा शॉमबर्गच्या एका कंपनीत नेटवर्क इंजिनीअर होता. मोठमोठ्या ऑफिसांचे मजलेच्या मजले जोडून द्यायचा. घरी त्याने आधी दुसरा राऊटर आणला, मग उंच अँटेना आणली. भिंतीतली जाळी कशालाच दाद देईना. मग त्याने घरातल्या बोळातून वायर टाकली. सोमवारी काकूंनी ती नीट गुंडाळून आमच्या दाराच्या मुठीला अडकवली. "पाय अडकून माझं हाड मोडलं तर तुम्ही दोघं करणार आहात का माझं?" तळघरातून वर आणावी म्हटलं, तर काकांनी त्यांच्या ओकच्या जमिनीचं गुणगान सुरू केलं. असं लाकूड आता मिळत नाही म्हणे.

एकच वाट उरली. काकांची खोली आणि आमची खोली यांच्यामध्ये बोळात उघडणारं भिंतीतलं एक कपाट होतं. घर बांधणाऱ्यांनी ते टॉवेल-चादरींसाठी केलं असणार. काकूंनी तिथे देव बसवले होते. खालच्या फळीच्याही खाली, कुणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, दोन्ही भिंतींना बोटभर भोक पाडलं की काम होत होतं. जेवताना नवऱ्याने हा विषय काढला. काकांनी घास खाली ठेवला.

"देवघराच्या भिंतीला भोक? ईशान्य कोपरा आहे तो."

"काका, अगदी लहान होल आहे. मी पॅच करून देईन, पेंटसुद्धा—"

"आणि त्या इंटरनेटवरून काय काय येतं, माहितीये मला," काकू म्हणाल्या. "ते सगळं माझ्या देवांच्या पाठीमागून जाणार? नको बाई."

मी म्हटलं, "काकू, माझे बाबा येणार आहेत त्यातून."

"अगं, मग ये की तू पुढे! आपलंच घर आहे. कोणी नाही म्हटलंय का तुला?"

मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने वरणाची वाटी जवळ ओढली आणि भात कालवू लागला. त्या क्षणी मला तो माणूस मनापासून नकोसा झाला. नंतर खोलीत म्हणाला, "जाऊ दे ना यार, त्यांचं वय झालंय." वय माझ्या बाबांचंही झालं होतं.

शेवटी मला मागचा पोर्च सापडला. लाकडी, काचा लावलेला, हीटर नसलेला. काकांच्या खिडकीतून बाहेर पडून थोडा सिग्नल तिथे पोचायचा. जानेवारीच्या थंडीत कोट, टोपी, मफलर घालून मी तिथे बादलीवर बसायचे. चित्र अडायचं, पुन्हा सुरू व्हायचं, आणि पाच-दहा मिनिटांत थंडीने लॅपटॉपची बॅटरी मान टाकायची. पण मागे कोणी नसायचं. टोपीतलं माझं ध्यान बघून बाबा एकदा हसलेसुद्धा. वाकडंच हसू, पण माझं होतं ते.

एका रविवारी दादा म्हणाला, "आज दमलेत गं, लवकर आटप." बाबा खूप बारीक दिसत होते. डोळे मात्र माझ्यावरच होते. मी म्हटलं, "बाबा, बारा साती ब्याऐंशी."

चादरीवरचा हात जरा हलला आणि चित्र थांबलं. मी वाट बघितली. लॅपटॉप काचेजवळ धरला, डोक्यावर धरला, पोर्चच्या पायऱ्या उतरून बर्फात उभी राहिले. स्क्रीनवर तोच अर्धवट उचललेला हात. मग बॅटरी संपली. आत जाऊन पुन्हा जोडेपर्यंत दादाने बाबांना निजवलं होतं. बुधवारी त्याचा फोन आला. काकूंनी मला जवळ घेतलं आणि माझ्याहून मोठ्याने रडल्या. मग म्हणाल्या, "तीन दिवस देवाजवळ जाऊ नकोस हं."

त्यानंतर महिनाही झाला नसेल. काकूंना भिशीत कोणीतरी सांगितलं, की एका देवस्थानाने लाइव्ह दर्शन सुरू केलंय. घरबसल्या आरती बघता येते. काकूंना ते देवघरातच हवं होतं. सोफ्यावर बसून कसली आरती? काकांनी शनिवारी नवऱ्याला हाक मारली. "अरे, ते भोकाचं काय म्हणत होतास तू?"

नवऱ्याने ड्रिल काढलं. देव एका ताटात घालून टेबलावर ठेवले. पहिली भिंत झाल्यावर त्याने विचारलं, "काका, पलीकडेही काढू का? आमच्या खोलीत?"

"काढ की. देवासाठी पाडलंच आहे, त्यात काय एवढं."

ईशान्य कोपऱ्याचं नाव कोणी काढलं नाही. भिंतीतून पांढरा भुगा पडला आणि तो झाडायला काकूंनी मला बोलावलं. मी झाडला. खोलीत येऊन बघते तर पलंगाशेजारी भिंतीतून निळी वायर डोकावत होती. नवरा खुशीत होता. "बघ, मस्त स्पीड आहे! आता कितीही वेळ बोल." कोणाशी, हे मी त्याला विचारलं नाही. अर्ध्या तासात सगळं काम झालं होतं, आणि ते अर्ध्या तासाचंच होतं हे मला कळल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि तोंडात टॉवेल कोंबून ओरडले.

रविवारी काकूंनी भिशीतल्या सगळ्या मावश्यांना बोलावलं. कपाटाच्या मधल्या फळीवर लॅपटॉप, त्याला हळदीकुंकू, समोर पेढे. बोळात सतरंजी घालून बायका बसल्या. आरती सुरू झाली, घंटा वाजल्या, आणि भक्तांची गर्दी तिकडे जास्त झाली असावी, कारण चित्र अडकलं. देवाचा चेहरा चौकोनाचौकोनांत फाटून एका बाजूला घसरला. काकू हात जोडून तशाच पुढे वाकल्या.

"अगं, हे काय झालं? जरा बघ ना."

मी चहाचा कप हातात घेऊनच उठले आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. त्यांच्या खांद्यावरून डोकावून नीट बघितलं.

"अगं बाई," मी म्हटलं, "तोंड केवढं वाकडं झालंय!"

काकूंची मान माझ्याकडे वळली नाही, पण कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मला दिसल्या. मला थांबता आलं असतं. थांबायचं नव्हतं.

"काकू," मी विचारलं, "ओळखतात का हो तुम्हाला?"

काकूंनी लॅपटॉप मिटला.