कोणकाका आणि दारातला माणूस

वडील जाऊन वर्ष झालं, त्यांच्या खोलीत आता भावाची मुलं अभ्यास करतात, तरी थोरली त्या दाराशी आली की थबकते आणि तिच्या तोंडून निघतं, "मी आहे." भाऊ तिला हसत नाही. तो स्वतः कचेरीत साहेबाच्या केबिनबाहेर उभा राहून हेच म्हणतो आणि नंतर ओशाळतो.

सबंध गल्ली बाबांना कोणकाका म्हणायची. पाऊल वाजलं की आतून आवाज यायचा, "कोण?" पोरं मुद्दाम दुकानाच्या पायरीवर पाय आपटून पळायची. घरातला नियम एकच, पण त्यात सूट नाही: दारात आलेल्या माणसानं आधी बोलायचं, मग उंबरा ओलांडायचा. चहाचा कप घेऊन येणारी आई रोज म्हणायची, "मी आहे हो, तुमची बायको. दुसरी आणली असेल तर ती मागून येतेय." सगळे हसायचे, बाबाही हसायचे, पण कप हातात घेईपर्यंत त्यांचे खांदे ताठच असायचे. थोरलीनं लहानपणी हे कधी नवलाचं मानलं नाही. सगळ्यांचेच बाप असं विचारत असतील, अशी तिची समजूत होती.

लढाईवरून परतल्यावर त्यांनी काचेचं दुकान टाकलं. खिडक्यांच्या काचा, आरसे, तसबिरींच्या चौकटी. पट्टी लावून काच कापायची हिरकणी एकदाच फिरवायची, काच टेबलाच्या कडेला आणायची आणि अंगठ्यानं हलकेच दाबायची. टक् असा आवाज होऊन तुकडा सरळ सुटायचा. हात लोण्यासारखा मऊ. कोणी म्हणायचं, "फौजेत बंदूक चालवलीत आणि इथं एवढा नाजूक हात?" त्यावर बाबा लढाईतल्या बटाट्यांची गोष्ट सांगायचे. लढाई म्हटलं की त्यांच्याकडे फक्त बटाटे होते: कच्चे बटाटे, गोठलेले बटाटे, स्वयंपाक्यानं हरवलेलं बटाट्यांचं पोतं. त्यापुढे अवाक्षर नाही.

पण दुकानात बसलेल्या थोरलीनं एक गोष्ट पाहिली होती. भर दुपारी, दारात कोणी नसताना, बाबा हिरकणी खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कोण?" मग कान देऊन बसायचे. रस्त्यावर ऊन, समोर शिंप्याचं दुकान, मध्ये चिटपाखरू नाही. शेवटी ते पुन्हा काचेला हात घालायचे. ती वळून वळून दाराकडे बघायची. तिथं कोणीतरी उभं आहे आणि आपल्यालाच दिसत नाही, असं तिला वाटायचं.

म्हातारपणी त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली. नातवंडं विसरले, बायको गेल्याचं विसरले, दुकान विसरले. "कोण?" तेवढं राहिलं. फरक एवढाच, की आता "मी आहे" हे उत्तर त्यांना पटेना. ते पुन्हा विचारायचे, आवाज चढायचा, आणि कोणी तसंच आत शिरलं की पलंग आणि भिंतीच्या मधल्या फटीत अंग चोरून लहान मुलासारखे रडायचे. अन्न तुटलं. डॉक्टर म्हणाले, "उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर दवाखान्यात हलवावं लागेल. नळी घालू. हात मात्र बांधावे लागतील." ज्या हातांनी जन्मभर काच सांभाळली ते पलंगाला बांधायचे, ही कल्पनाच थोरलीला सोसवेना.

त्याच दिवशी बाबांच्या पलटणीतले हवालदार, काठी टेकत, भेटायला आले. दाराबाहेरून त्यांनी तो प्रश्न ऐकला आणि ते आत गेलेच नाहीत. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले.

"त्याला परवलीचा शब्द हवाय, पोरी," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितलं. तुकडीत एक तोतरा शिपाई होता. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण स्टेशन लागायला वेळ घ्यायचा. परवलीचा शब्द रोज बदलायचा आणि तुकडीतली पोरं तो रेडिओच्या जिभेला जमेल असाच निवडायची. वरच्यांना याचा पत्ता नव्हता. रेडिओला 'आ' जमायचा, 'ऊ' जमायचा. 'क' आला की गाडी अडायची.

"त्या दिवशी शब्द ठरवायची पाळी तुझ्या बापाची. थंडीनं डोकं चालत नव्हतं, समोर दिवा टांगलेला, म्हणाला, कंदील. कोणाच्याच ध्यानात आलं नाही. पहाटे धुक्यात पहाऱ्यावरही हाच. समोरून कोणी आलं. यानं विचारलं, कोण? उत्तर नाही. परत विचारलं. नाही."

हवालदारांनी चहा बाजूला सारला.

"हा धावत जवळ गेला तेव्हा रेडिओ जिवंत होता. शब्द पुरा करायचाच प्रयत्न चालला होता त्याचा. आम्ही वर कळवलं, शत्रूची गोळी. तुझ्या बापाला ते खोटं कधी पचलं नाही."

थोरलीनं दूध कोमट केलं, पेला घेतला आणि दाराशी गेली. बेत साधा होता: शब्द ठणठणीत म्हणायचा, आत जायचं, दूध पाजायचं.

"कोण?"

तिनं तोंड उघडलं आणि तिच्या डोळ्यांपुढे धुक्यातला तो मुलगा आला. "कं," ती म्हणाली. पुढचं येईना. "कं... कं..." पेल्यातलं दूध हिंदकळून मनगटावर सांडलं. आता हे घाबरणार, फटीत शिरणार, सगळं आपल्या हातानं घालवलं, असं वाटून तिला रडू कोसळलं.

आतून आवाज आला, कितीतरी तरुण.

"सावकाश. घाई नाही. मी थांबलोय."

तिनं पुन्हा प्रयत्न केला. शब्द काही फुटला नाही. बाबा तरीही थांबले, चांगले थांबले.

"असू दे," ते शेवटी म्हणाले. "ओळखलं मी तुला. ये."

त्यांनी कोणाला ओळखलं, हे तिनं विचारलं नाही. ती दूध घेऊन आत गेली.